टाकी खरंच तुझ्या बातमीमुळे साफ झाली का?

ताई, मी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. पुढे पत्रकारितेची पदवी घ्यायची आहे. एका कॉलेजची शिष्यवृत्ती आहे, ती मिळाली तरच ते जमेल, कारण चार महिन्यांपूर्वी बाबांची नोकरी गेली. अर्जाला पाच आठवडे उरलेत. ‘मला पत्रकार का व्हायचे आहे’ यावर पाचशे शब्दांचा निबंध, स्वतःच्या कामाचे तीन नमुने, दोन शिफारसपत्रं आणि घरच्या उत्पन्नाचा दाखला मागितलाय. माझं कुठेच काही छापून आलेलं नाही. शाळेच्या भित्तिपत्रकात मात्र नेहमी लिहिते. एकदा पिण्याच्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलं होतं, त्यामुळे टाकी साफ झाली. आमच्या एक बाई म्हणतात, घरची परिस्थिती अशी लिही की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मावसभाऊ म्हणतो, एआयकडून लिहून घे, सगळे तेच करतात. मी सुरुवात अशी केलीये: ‘लहानपणापासूनच मला समाजासाठी काहीतरी करण्याची तीव्र इच्छा आहे. पत्रकारिता हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे.’ पुढे सुचतच नाही. काय करू?
— एक वाचक

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचताना मी एका ओळीपाशी थांबले, आणि ती चौथ्या स्तंभाची ओळ नाही. ‘टाकीबद्दल लिहिलं होतं, त्यामुळे टाकी साफ झाली.’ तू हे जाता जाता सांगितलंस आणि लगेच बाईंकडे वळलीस. तुझा अख्खा निबंध तिथे आहे.

आधी सुरुवातीच्या दोन वाक्यांचं बोलू. त्यांत चुकीचं काही नाही. अडचण एवढीच की ती कुणीही लिहू शकतं, आणि खरोखरच लिहितात. शिष्यवृत्तीचे अर्ज वाचायला बसलं की गठ्ठ्यातले बरेचसे निबंध लहानपणापासून सुरू होतात आणि चौथ्या स्तंभाला टेकतात. वाचणारा माणूस दुष्ट नसतो, थकलेला असतो. पहिल्या दोन ओळींत त्याला तू दिसली नाहीस, तर तिसऱ्या ओळीपासून त्याची नजर घसरायला लागते.

आता त्या टाकीकडे ये. मला तुला काही प्रश्न विचारायचे आहेत. उत्तरं मला पाठवू नकोस, वहीत लिही. टाकी घाण आहे हे तुला कसं कळलं? कुणी सांगितलं, की तू स्वतः वर चढून पाहिलंस? याआधी ती कधी साफ झाली होती? त्याची नोंद कुठल्या वहीत असते आणि ती वही तू मागितलीस का? लिहिण्याआधी मुख्याध्यापकांना किंवा देखभाल पाहणाऱ्या माणसाला विचारलं होतंस का, आणि ते काय म्हणाले? भित्तिपत्रक लागलं त्या दिवसापासून टाकी साफ होईपर्यंत किती दिवस गेले? आणि सगळ्यात महत्त्वाचं: ती तुझ्या लिहिण्यामुळे साफ झाली हे तुला कशावरून माहीत आहे? कदाचित सुट्टीच्या आधी ती दरवर्षीच साफ होत असेल. कदाचित एखाद्या पालकाने तक्रार केली असेल. कदाचित खरंच तुझ्यामुळेच झाली असेल.

हे मी तुझं श्रेय काढून घ्यायला विचारत नाहीये. जा आणि शोधून काढ. देखभाल पाहणाऱ्यांना भेट, वही बघायला मिळते का विचार, आणि जे कळेल ते तसंच्या तसं निबंधात लिही. ‘बातमीनंतर नऊ दिवसांनी टाकी साफ झाली. ती बातमीमुळे झाली का, हे मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, काम आधीच ठरलेलं होतं. नोंदवहीत मात्र त्याआधीची नोंद दीड वर्षापूर्वीची होती.’ आकडे मी नमुन्यादाखल घातलेत, तुझे खरे जे निघतील ते घाल. पण अशी चार वाक्यं वाचून निवड समितीतला माणूस खुर्चीत सरळ बसतो. या मुलीला प्रश्न विचारता येतो, तिला कागद मागता येतो, आणि स्वतःच्या सोयीची गोष्टसुद्धा ती तपासून घेते, हे त्याला तू न सांगता कळतं. आणि समजा वहीतून असं निघालं की टाकी दर सहा महिन्यांनी वेळेवर साफ होत होती आणि तुझीच बातमी अर्धवट होती, तर तेही लिही. निबंध पडणार नाही, उलट उभा राहील. पत्रकारितेत दुरुस्ती छापणं हा कामाचाच भाग आहे. अठराव्या वर्षी ते करू शकणारी मुलगी कुठल्याही संपादकाला हवी असते.

‘मला पत्रकार का व्हायचे आहे’ या प्रश्नाचं उत्तर मग शेवटच्या परिच्छेदात दोन-तीन वाक्यांत देता येतं, कारण तोवर ते दिसलेलं असतं. आणि त्या कॉलेजातच का, हेही एका वाक्यात यायला हवं. त्यांचा अभ्यासक्रम उघडून नीट वाच. तुला खरोखर हवा असलेला एखादा विषय शोध आणि तो का हवाय ते लिही. मग तो माहितीचा हक्क वापरून बातमी करण्याचा असेल, आकडेवारीचा असेल, नाहीतर रेडिओचा. ‘आपल्या नामांकित संस्थेत’ असं लिहू नकोस, ते त्यांना आधीच माहीत आहे.

एक सावधगिरी. टाकीचं तुला ज्याने सांगितलं, तो शाळेतलाच कुणी शिपाई किंवा सफाईवाले काका असतील आणि त्यांनी विश्वासाने सांगितलं असेल, तर निबंधात त्यांचं नाव किंवा ओळख पटेल असं काही नको. अर्ज किती जणांच्या हातांतून जाईल हे तुला माहीत नसतं आणि त्यांची नोकरी तिथेच आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक पत्रकारांच्या संघटनेची एक आचारसंहिता आहे. जगभरच्या पत्रकारितेच्या वर्गांत ती शिकवली जाते. तिची चार सूत्रं आहेत: सत्य शोधा आणि मांडा, हानी कमीत कमी होऊ द्या, स्वतंत्र राहा, आणि उत्तरदायी व पारदर्शक राहा. यातलं ‘पारदर्शक’ हे २०१४ सालच्या सुधारणेत आलं. काकांचं नाव न घेणं हे दुसऱ्या सूत्रातलं काम आहे, आणि ते तू कॉलेजात जाण्याआधीच करू शकतेस.

आता बाईंच्या सल्ल्याकडे. बाई तुझ्या भल्यासाठीच सांगताहेत, हे मी मनापासून मानते. तरीही निबंधात रडू नकोस. घरची परिस्थिती लपवण्यासारखी नाही आणि शिष्यवृत्ती देणाऱ्याला ती कळलीच पाहिजे, पण तिची जागा वेगळी आहे. बहुतेक अर्जांत आर्थिक स्थितीसाठी स्वतंत्र रकाना असतो किंवा पुरवणी जोडता येते. तिथे सरळ, तारखा आणि आकडे घालून लिही: बाबांची नोकरी कधी गेली, घरात कमावतं कोण आहे, खाणारी तोंडं किती, शिकणारी भावंडं किती, कर्जाचा हप्ता आहे का. विशेषणं एकही नको. ‘हलाखीची परिस्थिती’ या शब्दांनी जे पोहोचत नाही, ते ‘मार्च महिन्यापासून घरात पगार आलेला नाही’ या वाक्याने पोहोचतं.

आणि इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे, ती या आठवड्यातच कर. उत्पन्नाचा दाखला साधारणपणे सरलेल्या वर्षाचा असतो. तुझ्या बाबांची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली, म्हणजे दाखल्यावर बहुधा पगार सुरू असतानाचा आकडा येईल. कागदावर तुम्ही आजच्यापेक्षा बऱ्या स्थितीत दिसाल, आणि अर्ज तिथेच मागे पडू शकतो. शिष्यवृत्तीच्या कार्यालयाला लेखी विचार की मधल्या काळात उत्पन्न बदललं असेल तर ते कसं दाखवायचं. अनेक संस्था असा बदल विचारात घेतात, पण विचारणाऱ्याच्याच बाबतीत. बाबांना कामावरून कमी केल्याचं पत्र, शेवटच्या पगाराची पावती, असं जे असेल ते काढून ठेव. बाबांना हे मागताना तुला अवघड वाटेल. त्यांना त्याहून जास्त अवघड वाटेल. त्यामुळे घाईच्या शेवटच्या रात्री मागू नकोस, आत्ताच शांतपणे एकदा बोलून घे.

‘माझं कुठेच काही छापून आलेलं नाही’ हे तू ज्या सुरात लिहिलंयस, त्यावर मला थोडं जास्त बोलायचंय. १८८५ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात एलिझाबेथ कोक्रन नावाची विशीतली मुलगी होती. पैसे संपले म्हणून तिचं शिक्षण एका सत्रानंतरच सुटलं होतं. तिथल्या ‘डिस्पॅच’ या वर्तमानपत्रात मुलींची जागा घरातच असं सांगणारा एक स्तंभ आला. तिने संपादकांना संतापून पत्र लिहिलं आणि खाली सही केली, ‘एकाकी अनाथ मुलगी’. पत्रात नाव-पत्ता नव्हता. संपादकांना ते इतकं भिडलं की या मुलीने पुढे यावं म्हणून त्यांनी वर्तमानपत्रातच सूचना छापली. ती गेली आणि तिला काम मिळालं. तीच पुढे नेली ब्लाय या नावाने ओळखली गेली. १८८७ मध्ये तिने वेडाचं सोंग घेतलं, न्यूयॉर्कमधल्या मनोरुग्णालयात स्वतःला दाखल करून घेतलं, आणि तिथल्या बायकांचे हाल ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये लिहिले. त्या वर्तमानपत्राचा मालक जोसेफ पुलित्झर. तो १८६४ साली हंगेरीहून अमेरिकेत आला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं, आणि त्याची बातमीदारी सुरू झाली ती एका जर्मन वर्तमानपत्रात. त्याच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठात १९१२ साली पत्रकारितेचं विद्यालय उघडलं आणि १९१७ पासून त्याच्या नावाचे पुरस्कार सुरू झाले. मृत्युपत्रात त्याने पुरस्कारांच्या जोडीला प्रवासासाठीच्या शिष्यवृत्त्याही लिहून ठेवल्या होत्या. नेलीकडे कामाचा नमुना म्हणून काय होतं? न छापलेलं एक पत्र. तुझ्याकडे भित्तिपत्रक आहे.

तर तीन नमुने. पहिला अर्थातच टाकीची मूळ बातमी, जशी लागली होती तशी. त्यात शुद्धलेखनाच्या चुका असतील तर आता गुपचूप दुरुस्त करू नकोस. नीट केलेली प्रत द्यायचीच असेल तर ‘सुधारित’ असं वर लिही. भित्तिपत्रकाचा तो कागद कुठे आहे बघ. शाळेच्या कपाटात असेल तर दिवसाच्या उजेडात, सावली न पडता फोटो काढ आणि मजकूर टाइप करून सोबत जोड. दुसरा नमुना येत्या दोन आठवड्यांत तयार होऊ शकतो: तीच टाकी आज कशी आहे? पाठपुराव्याची बातमी. भल्याभल्या वर्तमानपत्रांना ती करायला वेळ मिळत नाही, आणि म्हणूनच ती करणारा बातमीदार लक्षात राहतो. तिसरा नमुना जातीने वेगळा असू दे. दोन्हीकडे टाकी आहे, तेव्हा इथे एखाद्या माणसाची मुलाखत घे, किंवा फोन वापरून तीन-चार मिनिटांचा ध्वनिवृत्तांत कर. मुलाखतीसाठी नामवंत माणूस शोधत बसू नकोस. रोज दिसणाऱ्या, पण कुणी कधी काही न विचारलेल्या माणसाला त्याच्या कामाबद्दल विचार. त्याची परवानगी घे, आणि हे कुठे पाठवणार आहेस ते आधी सांग.

प्रत्येक नमुन्याखाली चार ओळींची टीप लिही: कुणाशी बोललीस, कुठले कागद पाहिलेस, काय मिळालं नाही, आणि कुणाची मदत झाली. मैत्रिणीने फोटो काढले असतील तर तिचं नाव दे. बाईंनी मथळा बदलला असेल तर तेही लिही. तीन नमुने म्हटलेत तर तीनच पाठव. चौथा फार आवडता असला तरी नको. लिंक दिलीस तरी पीडीएफही जोड, कारण अर्ज वाचायच्या दिवशी लिंक उघडली नाही तर तुला कुणी फोन करून विचारणार नाही.

मावसभावाचं म्हणणं. सर्वात आधी नियमावलीत बघ, एआयबद्दल काय लिहिलंय. मनाई असेल तर विषय संपला. वापर जाहीर करायला सांगितलं असेल तर जाहीर कर. नियम काहीच बोलत नसले तरी निबंध एआयकडून लिहून घेऊ नकोस, असं मी ठामपणे सांगेन. ‘सगळे तेच करतात’ हे समजा खरं असलं, तर सगळ्यांचे निबंध एकाच आवाजात येत असणार, आणि तू स्वतःच्या आवाजात लिहिलंस तर उठून दिसशील. शिवाय एआयला तुझी टाकी माहीत नाही. तू नीट माहिती दिली नाहीस तर तो रिकाम्या जागा स्वतःच्या मनाने भरेल, न घडलेला प्रसंग घालेल, कुणी न बोललेलं वाक्य कुणाच्या तरी तोंडी घालेल. मुलाखतीत त्या वाक्याबद्दल विचारलं तर तू काय सांगशील? पत्रकारितेच्या शिष्यवृत्तीला बनावट अवतरण पाठवणं यापरतं घातक काही नाही. लिहून झाल्यावर शुद्धलेखन तपासायला कुणाची मदत लागली, तर एखाद्या मराठीच्या बाईंना वाचायला दे. आणि तू स्वतः मोठ्याने वाच. अडखळलीस तिथे वाक्य तोड.

शिफारसपत्रांबाबत लोक एक चूक हमखास करतात. सर्वात मोठ्या पदाच्या माणसाकडे जातात. तुला फक्त बक्षीस समारंभात पाहिलेल्या प्रतिष्ठित माणसाचं पत्र ‘ही एक होतकरू व गुणी विद्यार्थिनी आहे’ याच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण त्याला पुढचं काही माहीतच नसतं. भित्तिपत्रकाचं काम पाहणाऱ्या बाई तुझा मजकूर परत पाठवतात, तू रात्री तो पुन्हा लिहून आणतेस. हे फक्त त्या सांगू शकतात. दुसरं पत्र शक्य असेल तर शाळेबाहेरच्या कुणाचं घे, जिथे तू जबाबदारीने काही काम केलं आहेस. दोघांनाही आत्ताच विचार, निदान तीन आठवडे हातात असताना. आणि विचारताना नाही म्हणायला वाट ठेव: ‘बाई, तुम्हाला वेळ असेल आणि माझ्याबद्दल लिहिण्यासारखं वाटत असेल तरच.’ नाइलाजाने लिहिलेलं पत्र कोमट असतं. हो म्हणाल्या तर त्यांना एका कागदावर तारीख, पत्र कुठे आणि कसं पाठवायचं, तुझा निबंध, आणि त्यांच्या देखत तू केलेली दोन-तीन कामं लिहून दे. त्या विसरल्या असतील म्हणून नव्हे. त्यांच्याकडे असे अर्ज घेऊन येणारी तू एकटी नाहीस.

अर्ज भरण्याआधी शिष्यवृत्तीबद्दलही बातमीदारासारखी चौकशी कर. ती पहिल्या वर्षापुरती आहे की पूर्ण पदवीसाठी? पुढच्या वर्षी चालू राहायला किती गुण लागतात? फक्त शिक्षण शुल्क भरतात की राहण्याजेवण्याचं, पुस्तकांचं आणि उपकरणांचंही? दुसरी एखादी शिष्यवृत्ती मिळाली तर ही कमी करतात का? पदवीनंतर ठरावीक ठिकाणी काम करण्याची अट आहे का? पैसे कॉलेजला थेट जातात की आधी तू भरायचे आणि नंतर परत मिळतात? तुझ्या घरासाठी हा शेवटचा प्रश्न सर्वात मोठा आहे, कारण तीन महिन्यांनी परत मिळणारी रक्कम पहिल्या दिवशी खिशात असावी लागते.

आणि एकाच शिष्यवृत्तीवर सगळं टांगून ठेवू नकोस. पत्रकारांच्या संघटना, वर्तमानपत्रं आणि वाहिन्या, दिवंगत पत्रकारांच्या नावाने घरच्यांनी किंवा मित्रांनी सुरू केलेले न्यास, असे अनेक जण लहान रकमा देतात. मोठ्या शिष्यवृत्तीवर सगळे तुटून पडतात. लहानांकडे अर्ज कमी येतात. तोच निबंध आणि तेच नमुने थोड्या फेरफाराने चालतात, म्हणजे दुसऱ्या अर्जाला पहिल्याच्या निम्मीही मेहनत लागत नाही. कॉलेजच्या विद्यार्थी साहाय्य कक्षालाही विचार, कारण तिथल्या काही योजना जाहिरातीत येत नाहीत. मात्र ‘तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, रक्कम सोडवण्यासाठी आधी एवढे पैसे भरा’ असा फोन किंवा संदेश आला, किंवा कुणी बँकेचा ओटीपी मागितला, तर तो लुबाडणारा आहे असं समज आणि कॉलेजच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करून घे. गरज असलेल्या मुलांनाच असे लोक गाठतात.

मुलाखतीला बोलावलं तर तिथे बहुधा दोन गोष्टी होतील. तू पाठवलेल्या कामाबद्दल खोदून विचारतील, त्याची तयारी तुझी आपोआप झालेली असेल. आणि विचारतील की हल्ली कुठली बातमी वाचलीस. तेव्हा नुसता मथळा सांगू नकोस. त्या बातमीत कुणाची बाजू आली नव्हती, तू असतीस तर आणखी कुणाला फोन केला असतास, ते सांग. आजपासून रोज एका बातमीला हे दोन प्रश्न विचारून वहीत दोन ओळी लिहीत जा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, पण मी ते असं शोधेन’ हे उत्तर पूर्ण चालतं.

वेळेचं असं धर: पहिला आठवडा कागदपत्रं, कार्यालयाला पत्र आणि बाईंना विनंती यांचा. पुढचे दोन टाकीचा पाठपुरावा आणि मुलाखत. चौथ्यात निबंध लिही आणि दोन दिवस बाजूला ठेवून पुन्हा वाच. अर्ज शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी पाठव, कारण शेवटच्या रात्री संकेतस्थळं हमखास अडकतात. पोच आली की तिची प्रत जपून ठेव. निवड झाली नाही तर कार्यालयाला विनंती करून विचार की अर्जात काय कमी पडलं. सगळे सांगत नाहीत, पण काही जण सांगतात, आणि पुढच्या अर्जाला ते कामी येतं.